जुना फ्लॅट विकायचाय: एजंट धरावा की स्वतः विकावा?

फ्लॅट विकायचा आहे असं सोसायटीच्या वॉचमनच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत दोन-तीन एजंटांचे फोन येतात. वॉचमनला त्यात काहीतरी सुटतं, त्यामुळे बातमी थांबत नाही. फोनवरचा माणूस म्हणतो, "साहेब, पार्टी तयार आहे, आजच दाखवतो." नव्याने घर विकणारा इथेच गडबडतो. कोणाला हो म्हणायचं, किती टक्के द्यायचे, की सरळ नाही म्हणून स्वतःच विकायचं, हे काहीच ठरलेलं नसतं आणि तोवर चावी एजंटच्या खिशात गेलेली असते.

या लेखात पुण्या-मुंबईतला रीसेल फ्लॅट धरला आहे. जमीन, बंगला, गावाकडचं घर यांची भानगड वेगळी.

एजंट गिऱ्हाईक आणतो म्हणून दलाली घेतो असा सर्वसाधारण समज आहे. पण घरबसल्या जाहिरात टाकता येते तेव्हापासून गिऱ्हाईक आणणं हे त्यातलं सोपं काम झालं आहे. खरी कसोटी लागते ती टोकन (व्यवहार ठरल्याची पहिली छोटी रक्कम) आल्यापासून शेवटची रक्कम खात्यात पडेपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत. ते दिवस कोण सांभाळणार, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा.

पहिली पायरी: दलालीचा हिशेब कागदावर मांडा

रीसेलमध्ये एजंट साधारण १ ते २ टक्के विकणाऱ्याकडून घेतो आणि तेवढेच विकत घेणाऱ्याकडूनही. फ्लॅट ८० लाखांना गेला आणि दलाली २ टक्के ठरली, तर १,६०,००० रुपये झाले. एजंट जीएसटीत नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २८,८०० रुपये. एकूण १,८८,८००. टक्का ठरवताना "जीएसटी धरून की वेगळा?" हे विचारायचं बहुतेक जण विसरतात आणि बिल आल्यावर वाद घालतात.

आता हाच हिशेब एजंटच्या बाजूने करून बघा. भाव ८० वरून ७८ लाखांवर उतरला तर तुमचे दोन लाख गेले. त्याचे गेले चार हजार. दोन्ही बाजूंची दलाली धरली तरी आठ हजार. त्या आठ हजारांसाठी तो आणखी महिनाभर पार्ट्या फिरवणार नाही, तो तुम्हालाच समजावणार, "साहेब, पार्टी कन्फर्म आहे, सोडू नका." यात त्याची लबाडी असतेच असं नाही, त्याचं गणितच तसं आहे. म्हणून एजंट असला तरी शेवटच्या भावाची बोलणी पूर्णपणे त्याच्यावर सोपवू नयेत.

एका प्रकाराला मात्र साफ नकार द्या. त्याला बाजारात 'नेट रेट' म्हणतात. एजंट विचारतो, "तुम्हाला हातात किती हवेत? पंच्याहत्तर? ठीक आहे, वरचं माझं." ऐकायला छान वाटतं, कारण दलालीच द्यायची नाही. पण पुढे करारात ८० लाख लिहिले गेले तर भांडवली नफा (विक्रीतून झालेला, कर लागणारा नफा) तुमच्या नावावर ८० लाखांवर मोजला जातो, आणि वरचे पाच लाख 'दलाली' म्हणून दाखवायचे तर बिल कोण देणार? वरची रक्कम रोखीत फिरवायची ठरली तर आणखी वाईट. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड होऊ शकतो. टक्का ठरवा, तो लिहून घ्या, बँकेतून द्या.

स्वतः विकलं तर १,८८,८०० पूर्ण वाचतील असंही समजू नका. घेणाराही हिशेब करतो. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटवर पुरुषाच्या नावे ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५,६०,०००, आणि ३०,००० नोंदणी शुल्क त्याला भरायचं असतं. बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. एवढे पैसे मोजणारा माणूस समोर एजंट दिसला नाही की म्हणणारच, "काका, दलाली वाचतेय ना तुमची, मग दोन लाख कमी करा." त्याचीही दलाली वाचते आहे, हे त्याला आठवण करून द्यावं लागतं. अशा घासाघिशीनंतर दलालीतली निम्मी-अर्धी रक्कम तुमच्या हाती उरली तरी चांगलं झालं म्हणा.

दुसरी पायरी: फाईल उघडा, एजंटला फोन नंतर

एजंट धरायचा की नाही हे निम्मं तुमच्या फाईलवरून ठरतं. ती आधी टेबलावर पसरा. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार एकही दुवा न तुटता असायला हवेत. प्रत्येकासोबत नोंदणीची पावती आणि इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) तुमच्या नावावर झालेलं हवं. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मिळकतकराची चालू पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. कर्ज असेल तर बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी.

घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा पुढच्या चार-पाच ठिकाणी.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट (बिल्डरने फ्लॅट तुमच्या नावे करून दिल्याचा नोंदणीकृत दस्त) लागतं. अनेकांनी बिल्डरशी करार केला, राहायला आले आणि डीड करायचं राहूनच गेलं. वीस वर्षांनी विकताना बिल्डरला शोधत फिरावं लागतं. हे काम एजंटच्या हाती देऊन भागत नाही, त्याला वकील लागतो आणि वेळही लागतो.

फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, वडील गेले, सोसायटीने नॉमिनी म्हणून आईचं किंवा थोरल्या भावाचं नाव लावलं. एवढ्याने तो माणूस एकटा मालक होत नाही. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, नाहीतर सगळ्यांनी करारावर सही करायची. बहीण अमेरिकेत असेल तर तिथून कुलमुखत्यारपत्र येणार, त्यावर अपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) किंवा भारतीय वकिलातीचं प्रमाणन हवं आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. ही मुदत हुकते, कारण पाकीट घरी येतं आणि 'गिऱ्हाईक मिळालं की बघू' म्हणून कपाटात जातं.

भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच बँका कर्जाला नकार देतात, मग कर्ज न काढता स्वतःच्या पैशांतून घेणारंच गिऱ्हाईक शोधावं लागतं. असं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. इथे मात्र ओळखीपाळखीचा जुना एजंट खरंच उपयोगी पडतो, कारण कोणती बँक अशा इमारतीत आधी कर्ज देऊन बसली आहे हे त्याला तोंडपाठ असतं.

पार्किंगचं म्हणाल तर स्टिल्टखालची किंवा उघडी जागा ही सामाईक असते, ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात हे स्पष्ट केलं. सोसायटीने तुम्हाला वाटून दिलेली जागा असेल तर 'सोसायटीने दिलेलं पार्किंग' एवढंच म्हणा आणि ते पुढच्या सभासदाला मिळेल का, हे सेक्रेटरींना आधी विचारा. जाहिरातीत 'मालकीचं पार्किंग' लिहिलं आणि नोंदणीच्या आठ दिवस आधी खरं बाहेर आलं तर घेणारा दोन लाख कापूनच पुढे सरकतो.

फाईल स्वच्छ निघाली तर स्वतः विकण्याच्या बाजूने एक मोठा गुण पडला. दोन-तीन गाठी निघाल्या तर पहिला फोन वकिलाला करा.

तिसरी पायरी: भाव स्वतः काढा

'आमच्या एरियात १४,००० चालू आहे' हे वाक्य एजंट विकणाऱ्याला ऐकवतो. घेणाऱ्याला सांगताना तोच आकडा १२,००० होतो. पोर्टलवरचे भावही मागितलेले असतात, मिळालेले नसतात. मिळालेला भाव बघायची एक जागा आहे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सेवा आहे. तिथे वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स २ बघता येतात. मिळकत क्रमांक म्हणजे तुमच्या स्वतःच्या इंडेक्स २ वर असलेला सर्व्हे नंबर किंवा सी.टी.एस. नंबर. गाव म्हणजे पुणे नव्हे, मौजे कोथरूड, मौजे वाकड असं निवडायचं. मागची दोन वर्षं एकेक करून बघा. साइट कधी कधी अडून बसते, तेव्हा सकाळी लवकर प्रयत्न केलेला बरा.

समजा तुमच्याच इमारतीतला एक दस्त सापडला. त्यात 'मोबदला' या रकान्यात ७८,००,००० आणि 'क्षेत्रफळ' ६० चौ. मीटर आहे. ६० ला १०.७६४ ने गुणलं की साधारण ६४६ चौ. फूट. ७८ लाख भागिले ६४६ म्हणजे चौरस फुटाला सुमारे १२,०७५ रुपये. पण थांबा, हे ६४६ कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंती धरून)? जुन्या करारांत बिल्टअप लिहिण्याची पद्धत होती. दस्ताच्या वर्णनात ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय दोन फ्लॅटची तुलना करू नका. त्याखालचा 'बाजारभाव' हा रकानाही फसवा आहे. तो रेडी रेकनर म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे काढलेला आकडा असतो, प्रत्यक्ष बाजारातला भाव नसतो.

मात्र त्या सरकारी आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. विक्रीची किंमत त्याच्या बरीच खाली गेली, म्हणजे रेकनरची किंमत करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या वर निघाली, तर आयकर तुम्हाला रेकनरचीच किंमत मिळाली असं धरून नफा मोजतो. आणि फरकावर घेणाऱ्यालाही कर बसू शकतो. 'करारात कमी दाखवू, बाकी वेगळं देतो' म्हणणाऱ्या पार्टीला हे ऐकवलं की बोलणी पटकन सरळ होतात.

तीन-चार दस्तांवरून एक पट्टा मिळतो, उदाहरणार्थ ७६ ते ८१ लाख. मजला, लिफ्ट, दिशा, आतलं काम आणि इमारत पुनर्विकासाला निघाली आहे का, यावर तुमचा फ्लॅट पट्ट्यात कुठे बसतो हे ठरवा. शेवटचा मुद्दा हल्ली फार मोठा झाला आहे. सभेत पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर भाव चढतो आणि व्यवहार गुंततोही, कारण विकसकाने जादा क्षेत्रफळ आणि भाडं कोणाला द्यायचं हे करारात लिहावं लागतं.

चौथी पायरी: मग एजंट हवा की नको?

स्वतः विकणं जमण्यासारखं आहे जर तुम्ही त्याच शहरात राहता, शनिवार-रविवार घर दाखवायला कोणीतरी मोकळं आहे, फाईल स्वच्छ आहे आणि तीन-चार महिने थांबायची तयारी आहे. शिवाय इमारतीतच गिऱ्हाईक असेल तर एजंट धरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला मुलासाठी दुसरा फ्लॅट हवा असतो, समोरच्या विंगमधल्या भाडेकरूला तिथेच घर घ्यायचं असतं. ही माणसं इमारत ओळखतात, पाण्याची वेळ त्यांना ठाऊक असते, त्यांना पटवावं लागत नाही. म्हणून कोणत्याही एजंटशी बोलण्याआधी सोसायटीच्या सूचना फलकावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ-दहा दिवस द्या.

एजंट धरा जर तुम्ही परगावी किंवा परदेशात आहात, फ्लॅट रिकामा पडून आहे आणि प्रत्येक भेटीला चावी घेऊन कोणी जाऊ शकत नाही. आत भाडेकरू असेल आणि तो दाखवायला कुरकुरत असेल तरीही. किंवा तारीख डोक्यावर असेल: नव्या घराचा हप्ता, मुलाची परदेशातली फी. आणि स्वभावाचंही बघा. "परवा कळवतो" म्हणून न कळवणाऱ्या दहा जणांना न चिडता परत फोन करणं प्रत्येकाला जमत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

या दोहोंच्या मधला एक रस्ता फार कमी लोक वापरतात. गिऱ्हाईक स्वतः शोधायचं आणि कागदोपत्री कामाला ठरावीक फी देऊन मिळकतींचं काम करणारा वकील घ्यायचा. तो टोकन पावती आणि साठेखताचा (विक्रीच्या कराराचा) मसुदा करतो, मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध घेतो, निबंधक कार्यालयात सोबत येतो. त्याची फी किमतीच्या टक्क्यावर नसते, त्यामुळे भाव वर गेला म्हणून तीही वाढत नाही आणि व्यवहार घाईने उरकण्यात त्याचा फायदाही नसतो. स्वच्छ फाईल आणि बऱ्यापैकी वेळ असलेल्या शहरातल्या मालकासाठी हाच मार्ग सर्वांत चांगला, असं आमचं मत आहे.

पाचवी पायरी: स्वतः विकताना

नोब्रोकर, नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग अशा पोर्टलवर 'ओनर' म्हणून जाहिरात टाका. त्यासाठी वेगळं सिम घ्या, कारण पुढचे सहा महिने त्या नंबरवर फोन येत राहतील आणि त्यांतले कितीतरी एजंटांचेच असतील. "तुम्ही स्वतः घेणार का, कोणासाठी बघताय?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "कर्ज काढणार का, मंजुरी झाली आहे का?" तिसरा, "सध्याचं घर विकून हे घेणार का?" तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर त्यांचं घर विकलं जाईपर्यंत तुमचा व्यवहार लटकलेला राहील, हे धरून चाला.

फोटो दिवसा काढा, पडदे उघडे ठेवून. कपडे वाळत घातलेल्या बाल्कनीचा फोटो टाकू नका, पण पाणी गळून ओली झालेली भिंत रंगवून लपवूही नका. पहिल्या पावसात ती फुगते आणि तोवर ताबा दिलेला नसेल तर भांडण ठरलेलं. क्षेत्रफळ कार्पेटमध्ये लिहा.

कागदांच्या प्रती व्हॉट्सॲपवर सरसकट पाठवू नका. गंभीर गिऱ्हाईकाला द्यायच्या प्रतीवर आडवी रेघ मारून 'फक्त पाहणीसाठी' आणि तारीख लिहा, आधारचे पहिले आठ अंक झाका. कोणी "सैन्यात आहे, बदली झाली, न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

सहावी पायरी: टोकन ते ताबा

व्यवहार ठरला की टोकन येतं, २१,०००, ५१,००० किंवा लाखभर. ते खात्यातच घ्या आणि त्याच दिवशी साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सहीने पावती करा. त्यात एकूण किंमत, साठेखत किती दिवसांत करायचं, व्यवहार मोडला तर टोकनचं काय, कोणतं फर्निचर ठेवून जाणार, आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार हे लिहा. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरणाचं अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. 'इमारत निधी' म्हणून त्यावर मोठी देणगी मागितली जाते, तेव्हा सोसायटीचे उपविधी (नियम) दाखवा. आणि विकण्याचा इरादा सोसायटीला लेखी कळवायला विसरू नका, कारण ना हरकत पत्र कर्ज देणाऱ्या बँकेला लागणारच.

आता सर्वांत नाजूक टप्पा. घेणारा कर्ज काढत असेल तर बँक आधी नोंदणीकृत साठेखत मागते आणि मग पैसे सोडते. म्हणजे दुय्यम निबंधकासमोर तुमचा फोटो निघतो, अंगठा उमटतो, दस्त नोंदला जातो, आणि तुमच्या हातात किमतीच्या फक्त वीस टक्के असतात. उरलेले ८० टक्के बँकेच्या टेबलावर. एखादा कागद कमी निघाला की महिना जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. कर्जमंजुरीचं पत्र बघितल्याशिवाय नोंदणीची तारीख ठरवायची नाही. त्यात मंजूर रक्कम तपासा. ६४ लाखांची गरज असून ५८ मंजूर असतील तर सहा लाख कुठून येणार ते आजच विचारा. घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा पूर्णपणे नोंदणीआधी तुमच्या खात्यात यायला हवा. साठेखतात उरलेली रक्कम देण्याची तारीख लिहा, उशिराला व्याज लिहा आणि ठरलेल्या मुदतीत रक्कम आली नाही तर नोंदणीकृत रद्दपत्र करून देण्याचं बंधनही. हे शेवटचं कलम छापील मसुद्यांत बहुतेक नसतं. ते नसेल तर नोंदलेला दस्त तुमच्या एकट्याच्या मर्जीने रद्द होत नाही आणि दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही. चावी मात्र शेवटचा रुपया जमा झाल्यावरच. "सामान ठेवतो फक्त, राहत नाही" याला भुलू नका.

तुमचंच कर्ज बाकी असेल तर घेणाऱ्याची बँक त्यातली रक्कम थेट तुमच्या बँकेला देते. तुमच्या बँकेच्या पत्रावर तारीख असते आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज वाढतं, तेव्हा दोन्ही बँकांच्या तारखा जुळवाव्या लागतात. एजंट चांगला असेल तर इथे तो दोन्ही शाखांत चकरा मारतो आणि आपली दलाली खरोखर कमावतो. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आहेत. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा प्रत्येक रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरतो. ८० लाखांवर ८०,०००. चलनाच्या प्रती त्याच्याकडून घ्या आणि आपल्या कराच्या विवरणात ते पैसे दिसतात का, बघा. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हीच कपात २० टक्क्यांनी होऊ शकते, आणि १६ लाख परत मिळवायला पुढच्या वर्षीचं विवरणपत्र भरेपर्यंत थांबावं लागतं. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात भांडवली नफ्याच्या दराने आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर पूर्ण रकमेवर होते. परदेशातल्या मालकाने टोकन घेण्याआधीच सीएला गाठावं.

सातवी पायरी: एजंट धरायचाच ठरला तर

महारेराच्या (बांधकाम आणि मिळकत व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत तपासा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे. रेरात न येणाऱ्या जुन्या इमारतींत कायद्याने ही नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे फक्त रीसेल करणारे बरेच जण नोंदणीशिवाय काम करतात. तरीही नोंदणी असलेला मिळत असेल तर तोच घ्या, तक्रार करायला एक दार तरी उघडं राहतं. शिवाय त्याच इमारतीत किंवा गल्लीत मागच्या वर्षी त्याने कोणते व्यवहार केले, ते विचारा. त्यांतल्या विकणाऱ्याशी फोनवर बोलायला मिळालं तर आणखी चांगलं.

एकाच वेळी पाच जणांना चावी देऊ नका. पाच जण एकच फ्लॅट पाच वेगळ्या भावांनी टाकतात, घेणाऱ्याला तो ७६ लाखांतही दिसतो आणि ८५ लाखांतही, आणि मग तो ७६ च्याच खाली बोलतो. सलग दोन-अडीच महिने पोर्टलवर दिसणाऱ्या फ्लॅटबद्दल "काहीतरी भानगड असणार" असं लोक म्हणायला लागतात. एकाला ४५ ते ६० दिवस द्या, फार तर दोघांना.

जे ठरेल ते लिहून घ्या: टक्का किती, जीएसटी आत की बाहेर, तुमच्या ओळखीतून किंवा सोसायटीतून गिऱ्हाईक आलं तर दलाली लागणार नाही, आणि दलाली कधी द्यायची. एजंट टोकनच्या वेळी निम्मी मागतो. तिथे तयार होऊ नका. थोडी नोंदणीच्या दिवशी आणि उरलेली बँकेचे पैसे आल्यावर, असं ठेवा. टोकन कोणत्याही परिस्थितीत एजंटच्या खात्यात जाता कामा नये.

फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येकाची एका वहीत नोंद करा: तारीख, नाव, कोणी आणलं. घेणारे एकाच फ्लॅटसाठी दोन एजंटांबरोबर येऊन जातात आणि व्यवहार झाला की दोघंही दारात उभे राहतात. एजंटने घेणाऱ्याकडूनही दलाली घेतली आहे का, हे त्याला तोंडावर विचारा. घेतली असेल तर शेवटच्या बोलणीला तुम्ही घेणाऱ्याशी समोरासमोर बसा, एजंटच्या फोनवर नको.

व्यवहार पूर्ण झाल्यावर दलालीचं बिल मागून घ्या, पैसे बँकेतून दिलेले असू द्या. घर विकण्यासाठीच झालेला खर्च म्हणून ही रक्कम भांडवली नफ्यातून वजा होते. २४ महिन्यांहून जास्त काळ बाळगलेल्या घरावर दीर्घकालीन नफ्याचा कर १२.५ टक्के आहे, आणि घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर भारतात निवासी असलेल्या मालकाला महागाई निर्देशांक धरून २० टक्के कराचा पर्यायही मिळतो. दोन्ही प्रकारे आकडा काढून बघा. १,८८,८०० चं बिल असेल तर १२.५ टक्क्यांनी सुमारे २३,६०० रुपये कर वाचतो. रोखीने, बिलाशिवाय दिलेल्या दलालीतून हे काही मिळत नाही. बिलावर फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि साठेखताचा दस्त क्रमांक लिहून घेतला की सीएला पुन्हा विचारायला फोन करावा लागत नाही.